मैदानावरून अमेरिकेतल्या कॉलेजात : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

खेळाच्या जोरावर अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजांत प्रवेश मिळतो का, मिळत असेल तर कसा, याबद्दल पुण्यातून आणि आसपासच्या गावांतून बरीच पत्रे आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. जलतरणात राज्य स्तरावर दोन रौप्यपदके आहेत, दहावीला नव्वद टक्क्यांची अपेक्षा आहे. हार्वर्ड, प्रिन्स्टनसारख्या ठिकाणी या पदकांमुळे तिची शक्यता किती वाढेल? (पालक, कोथरूड)

पदकांमुळे अर्जाला थोडे वजन येईल, पण तेवढेच. शक्यता खरी पालटते ती कॉलेजच्या प्रशिक्षकाने आपल्या यादीत तिचे नाव घातले तर. याला तिकडे 'रिक्रूट' होणे म्हणतात. यादीत नाव नसलेला खेळाडू कितीही चांगला असला, तरी तो इतर अर्जदारांच्याच रांगेत असतो. आपल्याकडच्या क्रीडा कोट्याची सवय असल्यामुळे पालकांची इथे गल्लत होते. आपल्याकडे प्रमाणपत्र दाखवले की ठरलेले गुण मिळतात. तिथे प्रमाणपत्राला ठरलेले गुण नाहीत. यंदा संघाला कोण हवे आहे, यावर सगळे अवलंबून असते.

फरक किती मोठा आहे, हे हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यात उघड झाले. २०१८ मध्ये बोस्टनला त्याची सुनावणी झाली. रिक्रूट म्हणून अर्ज करणाऱ्यांपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. एकूण अर्जदारांत हे खेळाडू एक टक्क्याहूनही कमी, पण प्रवेश मिळालेल्यांत दहा टक्क्यांच्या वर. हार्वर्ड अभ्यासासाठी १ ते ६ अशी श्रेणी देते, त्यात १ सर्वांत वरची. श्रेणी ४ मिळालेल्या रिक्रूट खेळाडूंपैकी सुमारे ७० टक्के आत गेले. त्याच श्रेणीच्या इतर अर्जदारांचे प्रमाण होते ०.०७६ टक्के, म्हणजे हजारात एकही नाही.

हे आकडे वाचून हुरळून जाऊ नका. ८६ टक्के हा चाळणी झाल्यानंतरचा आकडा आहे. प्रशिक्षकाने शेकडो मुले पाहून, त्यांच्या मार्कशीट प्रवेश कार्यालयाला आधीच दाखवून, होकाराचा अंदाज घेऊन मगच ही नावे पुढे केलेली असतात. तुमच्या मुलीची खरी स्पर्धा त्या आधीच्या चाळणीत आहे.

तिथे ती कुठे उभी आहे, हे तुम्ही घरबसल्या पाहू शकता. ज्या कॉलेजचा विचार आहे त्याच्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे ते ज्या कॉलेजांच्या गटात खेळते त्या गटाच्या, स्पर्धेचा गेल्या वर्षीचा निकाल उघडा. तिच्या प्रकारात गुण मिळवणाऱ्या शेवटच्या क्रमांकाची वेळ बघा. तिची वेळ तिथपर्यंत किंवा अगदी जवळ आली असेल, तर प्रशिक्षक उत्तर देईल. मात्र कॉलेजच्या बऱ्याच स्पर्धा २५ यार्डांच्या, म्हणजे २२.८६ मीटरच्या तलावात होतात. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटरच, आणि ५० मीटरच्या तलावापेक्षा वळणेही जास्त. त्यामुळे बालेवाडीच्या तलावातली तिची वेळ तशीच शेजारी मांडून तुलना करू नका. वेळ रूपांतरित करून देणारी साधने मिळतात, ती स्वतःसाठी वापरा. प्रशिक्षकाला मात्र मूळ मीटरमधली वेळच कळवा, रूपांतर तो करतो. हाताच्या स्टॉपवॉचवर घेतलेली जिल्हा स्पर्धेची वेळ कळवू नका. इलेक्ट्रॉनिक टायमिंग असलेल्या राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेचा छापील निकालच ग्राह्य धरला जातो.

प्रश्न : मुलगा अकरावीत, स्क्वॉश खेळतो, देशाच्या सतरा वर्षांखालील क्रमवारीत वरच्या वीसांत आहे. प्रशिक्षकांना कधी आणि काय लिहावे? आम्ही लिहावे की त्याने? (आई, औंध)

त्यानेच. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण चांगली संधी इथेच हातची जाते. पालकांच्या नावाने आलेला मेल प्रशिक्षकाला खटकतो. चार वर्षे ज्याला सांभाळायचे, त्याच्याशीच त्याला बोलायचे असते. पुढे व्हिडिओ कॉल होईल तेव्हाही पालकांनी खोलीत बसून उत्तरे पुरवू नयेत.

कॉलेजचा स्क्वॉश एनसीएए या मुख्य क्रीडासंस्थेच्या नव्हे, कॉलेज स्क्वॉश असोसिएशनच्या छत्राखाली चालतो. हार्वर्ड, प्रिन्स्टन यांसारख्या आठ कॉलेजांच्या आयव्ही लीगची कॉलेजे त्यात आहेत आणि ती लीगचे नियम पाळतात. भारतीय मुलांसाठी हा खेळ विशेष सोयीचा. ट्रिनिटी कॉलेजच्या मुलांच्या संघाने १९९८ ते २०१२ या काळात सलग २५२ सामने जिंकले, त्यात भारतीय खेळाडूंचा मोठा वाटा होता. रमित टंडन आणि वेलवन सेंथिलकुमार कोलंबियाकडून खेळले. प्रशिक्षकांना भारतीय क्रमवारी वाचता येते, ती समजावून सांगावी लागत नाही.

आता गणित. दोन संघांच्या सामन्यात नऊ जण खेळतात, म्हणजे एका वर्षी नव्याने तीन-चार मुले घेतली तरी पुष्कळ. कॉलेजच्या संकेतस्थळावर संघाची यादी असते. तुमचा मुलगा ज्या वर्षी दाखल होईल, त्या आधी किती जण पदवी घेऊन बाहेर पडतात ते मोजा. पाच जाणार असतील तर तिथे लिहिण्यात अर्थ आहे, एकच जाणार असेल तर ते कॉलेज यादीत खाली ढकला. अशी वीस-पंचवीस कॉलेजे निवडा. सगळी आयव्हीची घेऊ नका.

पहिला मेल दहा ओळींच्या आत बसवा. विषयाच्या ओळीतच बारावीचे वर्ष, खेळ, देश आणि क्रमवारी यावी : '२०२७ ची तुकडी, स्क्वॉश, भारत, अंडर-१७ क्रमांक १८' असे. आत जन्मतारीख, शाळा आणि बोर्ड, नववी-दहावीचे टक्के, एसएटी ही प्रवेशासाठीची चाचणी दिली असल्यास गुण, गेल्या वर्षभरातले तीन-चार चांगले निकाल प्रतिस्पर्ध्याच्या नावासह, पुढच्या स्पर्धांच्या तारखा आणि व्हिडिओची लिंक. शेवटी एक वाक्य त्या कॉलेजबद्दल, जे दुसऱ्या कॉलेजला चालणार नाही. सगळ्यांना एकच मजकूर पाठवला की तो ओळखू येतो.

व्हिडिओ कोर्टाच्या मागून, एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्याने, सलग एक-दोन गेमचा हवा. संगीत लावून निवडक फटके जोडलेला नको. प्रशिक्षकाला फटका नव्हे, फटक्यानंतर मुलगा टी वर, म्हणजे कोर्टाच्या मध्यावर, किती लवकर परततो, हरलेल्या पॉइंटनंतर कसा वागतो, हे पाहायचे असते. तुल्यबळ खेळाडूशी झालेला सामना द्या, ११-२ ने जिंकलेल्या गेममधून काहीच कळत नाही. खर्च परवडत असेल तर डिसेंबरात फिलाडेल्फियाला होणारी यूएस ज्युनिअर ओपन खेळवा, तिथे कॉलेजांचे प्रशिक्षक स्वतः येतात.

वेळापत्रक असे. एनसीएएच्या तीन गटांतल्या सर्वांत वरच्या, म्हणजे डिव्हिजन वनच्या, बहुतेक खेळांत दहावीच्या वर्षानंतरच्या १५ जूनपासून प्रशिक्षक मुलाशी स्वतःहून संपर्क करू शकतात. त्या आधी आलेल्या मेलला ते मोकळे उत्तर देऊ शकत नाहीत, त्यामुळे शांतता म्हणजे नकार असे समजू नका. अकरावीत मेल, कॉल, निकालांची माहिती. बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात मार्कशीट प्रवेश कार्यालयाकडे जाते आणि १ नोव्हेंबरच्या सुमारास अर्ज. तुमच्या मुलाच्या हातात म्हणजे आता थोडेच महिने आहेत. या आठवड्यात सुरुवात करा.

प्रश्न : एका प्रशिक्षकाने मुलीला 'तुझा अर्ज येऊ दे, मी पूर्ण पाठिंबा देईन' असे सांगितले आहे. प्रवेश नक्की समजायचा का? (पालक, सहकारनगर)

नाही. 'पाठिंबा' या शब्दाचा अर्थ कॉलेजगणिक बदलतो, तो विचारून घ्यावा लागतो. विचारण्यात उद्धटपणा नाही, प्रशिक्षकांना या प्रश्नांची सवय असते.

आयव्ही लीगच्या आठ कॉलेजांत प्रशिक्षकाला मोजक्या जागांसाठी नावे देता येतात. मार्क आणि चाचणीचे गुण मिळून एक 'अकॅडमिक इंडेक्स' काढला जातो आणि खेळाडूंचा सरासरी इंडेक्स बाकीच्या विद्यार्थ्यांपेक्षा फार खाली घसरू नये असे बंधन असते. म्हणून प्रशिक्षकाला एखादा कमी मार्कांचा पण अफाट खेळाडू घ्यायचा असेल, तर सरासरी सावरायला जास्त मार्कांचे खेळाडूही लागतात. मध्यम खेळ आणि उत्तम मार्क असलेल्या मुलीला कधीकधी याचाच फायदा होतो. अर्ज पूर्ण भरल्यावर १ ऑक्टोबरपासून 'लाइकली लेटर' येऊ शकते. ते प्रवेश कार्यालयाचे असते आणि मार्क घसरले नाहीत, वागणुकीची तक्रार आली नाही तर प्रवेश मिळणार, असा त्याचा अर्थ. प्रशिक्षकाचा शब्द या पत्राची जागा घेऊ शकत नाही.

विल्यम्स, ॲमहर्स्टसारखी नेस्कॅक या गटाची अकरा कॉलेजे एनसीएएच्या डिव्हिजन थ्रीमध्ये येतात. तिथे बारावीच्या आधीच्या १ जुलैनंतर 'प्री-रीड' होते : मार्कशीट, विषयांची यादी, चाचणीचे गुण प्रवेश कार्यालय वाचते आणि प्रशिक्षकाला अंदाज कळवते. अनुकूल प्री-रीड आणि प्रशिक्षकाची राखीव जागा या दोन्ही गोष्टी मिळाल्या, तर शक्यता फार चांगली. नुसते अनुकूल प्री-रीड म्हणजे 'अभ्यासात बसते' एवढेच. इथे लोक फसतात. एमआयटीत तर प्रशिक्षकाकडे राखीव जागाच नाहीत. तो शिफारस करतो, निर्णय इतरांसारखाच होतो. कॅलटेकमध्येही प्रशिक्षकाच्या शब्दावर प्रवेश ठरत नाही.

तेव्हा मुलीने त्यांना चार गोष्टी सरळ विचाराव्यात. माझे प्री-रीड झाले आहे का, आणि प्रवेश कार्यालय काय म्हणाले? तुमच्या राखीव जागांपैकी एक मला देत आहात का, की केवळ शिफारसपत्र? माझ्याच प्रकारात तुम्ही आणखी कोणाशी बोलत आहात? तुम्ही पाठिंबा दिलेल्यांपैकी गेल्या तीन वर्षांत किती जणांना नकार आला? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला जो प्रशिक्षक घुटमळतो, त्याच्या भरवशावर 'अर्ली डिसिजन'चा अर्ज खर्ची घालू नका. हा अर्ज बांधील असतो आणि एकाच कॉलेजला करता येतो. नोव्हेंबरात तो चुकीच्या दारात टाकला की डिसेंबरच्या मध्याला नकार येतो, आणि तोवर बाकी प्रशिक्षकांच्या जागा भरलेल्या असतात.

प्रश्न : मुलगा दहा मीटर एअर पिस्तूल खेळतो, पुतणी कबड्डीत राष्ट्रीय स्तरावर, भाची मॅटवरची कुस्ती खेळते. कोणाला संधी? (वाचक, भोसरी)

भाचीला. मुलींची कुस्ती जानेवारी २०२५ मध्ये एनसीएएच्या अजिंक्यपद स्पर्धांत दाखल झाली आणि कॉलेजच्या मुलींच्या लढती फ्रीस्टाइल नियमांनीच होतात, म्हणजे तिला वेगळे काही शिकावे लागणार नाही. मुलांच्या कॉलेज कुस्तीचे नियम मात्र निराळे आहेत, तिथे प्रतिस्पर्ध्याला खाली दाबून ठेवलेल्या वेळेलाही गुण मिळतो. जत्रेच्या फडात रोख इनाम घेतले असेल तर तारीख, रक्कम आणि त्या दिवसाचा प्रवासखर्च लिहून ठेवा. हौशी दर्जाच्या तपासणीत हे विचारले जाते, आणि लपवलेले उघड झाले तर खेळण्याचा हक्कच धोक्यात येतो.

एनसीएएत नेमबाजी म्हणजे फक्त रायफल, स्मॉलबोअर आणि एअर. पिस्तूल नाही. कबड्डी, खो-खो, क्रिकेट, बॅडमिंटन, टेबल टेनिस हेही त्या यादीत नाहीत. या खेळांत यादी करणारा प्रशिक्षकच नसतो, त्यामुळे राष्ट्रीय कामगिरी अर्जाच्या उपक्रमांच्या भागात जाते. तिथे तिला चांगली किंमत आहे, पण ती रिक्रूटची किंमत नाही. केवळ प्रवेशासाठी अकरावीत खेळ बदलू नका. दोन वर्षांत त्या पातळीवर पोचणे जवळपास अशक्य असते आणि हातचा खेळही जातो.

प्रश्न : मुलगी इंटिग्रेटेड कॉलेजात आहे, हजेरी क्लासमध्येच असते. बारावीनंतर एक वर्ष फक्त टेनिस खेळून मग अर्ज करावा म्हणते. चालेल का? (पालक, वाकड)

दोन्हीकडे धोका आहे. आधी वर्षाचे बोलू. डिव्हिजन वनच्या आजवरच्या नियमानुसार बारावीनंतर दाखल होण्यासाठी बहुतेक खेळांत एक वर्षाची सवलत आहे, टेनिसमध्ये ती सहाच महिन्यांची. त्यानंतरही स्पर्धा खेळत राहिले, तर कॉलेजकडून खेळायच्या चार हंगामांतला एक कापला जाऊ शकतो आणि काही काळ बाहेर बसावे लागते. तिने मे-जूनमध्ये शिक्षण संपवले तर पुढच्या जानेवारीत दाखल होणे सोयीचे. पूर्ण वर्ष हवेच असेल, तर नोंदणी करताना त्या वर्षीचा नियम एनसीएएच्या पात्रता केंद्राकडून लेखी घ्या. प्रशिक्षकांचे लक्ष टेनिसमध्ये यूटीआर या मानांकनावर असते, म्हणून मोजक्याच पण यूटीआरमध्ये धरल्या जाणाऱ्या स्पर्धा निवडा.

आता कॉलेज. अमेरिकेत हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे धरतात. डिव्हिजन वनसाठी या चार वर्षांत १६ विषय-वर्षे लागतात : इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, या तिन्हींपैकी आणखी १, समाजशास्त्र २ आणि इतर ४. त्यांतली १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवीत, आणि सरासरी ४ पैकी किमान २.३. आपल्या बोर्डाच्या मुलांना हे जड नाही, अडते ते कागदांवर. नववीचे प्रगतिपुस्तक पुण्यात कोणी जपून ठेवत नाही. आजच शाळेत जाऊन त्याची शिक्क्यासह प्रत घ्या. इंटिग्रेटेड कॉलेजात अकरावीची मार्कशीट बहुधा घाईत, एका परीक्षेवर तयार होते आणि शिफारस लिहायला मुलीला ओळखणारा शिक्षकच सापडत नाही. प्री-रीडमध्ये अकरावीचेच मार्क सर्वांत ताजे असतात, म्हणून कॉलेजला सत्र परीक्षांचे वेगवेगळे गुण द्यायला सांगा आणि दोन विषयांच्या शिक्षकांशी आतापासून ओळख ठेवा.

एनसीएएने जानेवारी २०२३ मध्ये एसएटीची अट काढली, हे खरे. पण हार्वर्ड, एमआयटी, डार्टमथ, ब्राऊन यांनी आपापली अट परत आणली आहे. खेळाडू म्हणून त्यातून सूट नाही.

प्रश्न : एक सल्लागार संस्था तीन लाख आगाऊ आणि मिळालेल्या शिष्यवृत्तीच्या दहा टक्के मागते. प्रवेशाची हमी देते. घ्यावी का? (वडील, बिबवेवाडी)

घेऊ नका. हमी कोणी देऊ शकत नाही, पण टक्केवारीची अट त्याहून घातक आहे. शिष्यवृत्तीच्या रकमेवर किंवा प्रवेश मिळवून देण्यावर ठरलेली फी घेणारा मध्यस्थ एनसीएएच्या दृष्टीने एजंट ठरतो आणि मुलाची पात्रता धोक्यात येते. ठरावीक फी घेऊन व्हिडिओ, यादी, मेल यांत मदत करणाऱ्या संस्था नियमात बसतात. पण वर सांगितलेले काम घरी बसून होते.

अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये रिक सिंगर या सल्लागाराचे प्रकरण बाहेर आले. कधीच न खेळलेल्या मुलांची खोटी खेळाडू-माहिती बनवून, काहींचे चेहरे दुसऱ्या खेळाडूंच्या फोटोंवर चिकटवून, प्रशिक्षकांना पैसे चारून प्रवेश मिळवले गेले. सिंगरला साडेतीन वर्षांची कैद झाली, प्रशिक्षकांनाही शिक्षा झाल्या. त्यानंतर अनेक कॉलेजांत प्रशिक्षकाने दिलेली नावे दुसरा कोणीतरी तपासून पाहतो. फुगवलेली क्रमवारी किंवा 'राष्ट्रीय' म्हणून दाखवलेली खासगी स्पर्धा अशा तपासणीत सहज उघडी पडते.

शिष्यवृत्तीचाही हिशेब समजून घ्या. आयव्ही लीग आणि डिव्हिजन थ्रीची कॉलेजे खेळासाठी एक डॉलरही देत नाहीत. तिथे मिळते ती कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरणारी मदत, आणि वर्षाचा पूर्ण खर्च साधारण नव्वद हजार डॉलरच्या घरात आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ ही कॉलेजे परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक गरज प्रवेशाच्या निर्णयात धरत नाहीत. पण अनेक कॉलेजांत गरज मोठी असली की प्रशिक्षकाचा पाठिंबा असूनही दार बंद होऊ शकते. म्हणून मार्कांच्या प्री-रीडसोबत आर्थिक प्री-रीडही मागा. फॉर्म १६, आयकर विवरण, घरभाडे किंवा शेतीचे उत्पन्न, गृहकर्जाचा हप्ता हे कागद जूनपर्यंत तयार हवेत. खेळाची शिष्यवृत्ती हवी असेल तर डिव्हिजन वनची इतर विद्यापीठे आणि डिव्हिजन टू बघा. मात्र जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर डिव्हिजन वनच्या अनेक संघांत खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली आहे. काठावरच्या मुलांना पूर्वी संघात बसू देत, ते आता अवघड झाले. तिथे शिष्यवृत्ती एका वर्षाची की चारही वर्षांची, आणि दुखापत झाली तर काय, हे सहीआधी विचारा.

प्रश्न : परदेशी जायचे नाही. देशात असे काही आहे का? (विद्यार्थिनी, नारायण पेठ)

आहे. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या आहेत, त्यातली एक मुलीसाठी. गेल्या चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतले किमान एक पदक हवे आणि जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव हवे. अर्ज आयआयटींच्या नेहमीच्या एकत्रित जागावाटपातून, म्हणजे जोसाच्या प्रक्रियेतून, होत नाही, आयआयटी मद्रासच्या स्वतंत्र पोर्टलवर करावा लागतो आणि त्याची मुदत वेगळी असते. दिल्ली विद्यापीठातही क्रीडा कोटा आहे, तिथे प्रमाणपत्रांसोबत मैदानी चाचणी द्यावी लागते. आणि आपल्या बोर्डाचे खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण, २५ पर्यंत, विसरू नका. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे वेळेत गेला नाही तर ते मिळत नाहीत, आणि दरवर्षी काही मुले निव्वळ या उशिरामुळे मुकतात. परीक्षा संपायची वाट न पाहता प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती शाळेत जमा करा आणि पोच घ्या.